डावीकडच्या मॅटचं भोक

गाडीतल्या रबरी मॅटला भोक पडलंय हे मला त्या शुक्रवारी दिसलं, आणि खरं सांगतो, मला भलताच आनंद झाला.

त्याचं कारण असं. अकोल्याला जुन्या शहरात माझ्या सासूबाई राहतात. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता आणि त्यांना थोडे दिवस आमच्याकडे अमरावतीला आणायचं ठरलं होतं. बायको म्हणाली, रविवारी मी स्वतः गाडी चालवत जाईन आणि आईला घेऊन येईन. लायसन मिळून दोन वर्षं झाली होती, पण ती जवळच्या वलगावच्या पुढे कधी गेली नव्हती, आणि तेही मी शेजारी असताना. आईला एकदा आपल्या हातच्या गाडीत बसवायचं, हे तिच्या फार मनात होतं. मला मात्र हायवेवरचे ट्रक दिसत होते. भीती वाटते असं सरळ म्हणायची माझी छाती नव्हती. अशात हे भोक सापडलं. मी तोंड पाडून सांगितलं की ॲक्सिलरेटरजवळची मॅट फाटली आहे, टाच अडकली तर पंचाईत, या रविवारी राहू दे.

ती म्हणाली, "मंग दुरुस्त करा ना. घरातलं सगळं तर तुमीच दुरुस्त करता."

घ्या! माणूस स्वतःच्या बढाईत असा सापडतो. कुलर, मिक्सर, इस्त्री सगळं मीच उघडतो. नंतर ते मेकॅनिककडे न्यावं लागतं, ही गोष्ट वेगळी.

शनिवारी सकाळी अंगणात पसारा मांडला. चारही मॅट काढून साबणाने घासल्या. त्यांतून तुरीचे दाणे, संत्र्याच्या बिया आणि वांग्याचं एक रोप लागेल एवढी काळी माती निघाली. मग सायकलची जुनी ट्यूब कापून ठिगळ केलं. टाचेखालचं रबर पॉलिश पेपरने खरबरीत केलं, दोन्हीकडे पंक्चरचं सोल्युशन लावलं, ते सुकू दिलं, ठिगळ चिकटवलं आणि वरून खलबत्त्यातल्या बत्त्याने ठोकलं. बायकोने बत्ता आत नेला. चमक यावी म्हणून जवसाचं तेल चोपडणार होतो, तर बाटलीही नेली, पाय घसरेल म्हणून. एवढं करून काम मात्र पक्कं झालं. माझा बहाणा मीच हाताने बुजवला होता.

मग पुढची डावी मॅट उचलली, तर तिच्यातूनही उजेड दिसला. तिथे ना ॲक्सिलरेटर, ना ब्रेक, आणि भोक मात्र चांगलं गुळगुळीत. पहिला संशय उंदरावर घेतला. पण उंदीर कुरतडतो, झिजवत नाही. त्या सीटवर बसतं कोण? मी चालवतो तेव्हा बायको, ती चालवते तेव्हा मी.

बायको ओट्यावर शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "थो तुमचा ब्रेक हाय."

कसला ब्रेक, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"मी गाडी हाती घेतली का तुमी तिथं पाय दाबता. दोन वर्सं दाबून राहिले. मले दिसत नाई का?"

मी म्हटलं, साफ खोटं. खोटं ठरवायला मॅट जागेवर टाकली, जाऊन सीटवर बसलो. उजवा पाय आपोआप पुढे गेला आणि त्या भोकावर बरोब्बर टेकला. उजव्या मॅटला झिजायला दहा वर्षं लागली होती. डावी मी दोन वर्षांत फाडली. मला इतकी लाज वाटली की तिथे एकावर एक दोन ठिगळं लावली.

रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घालून तयार. बायकोने किल्ली घेतली आणि भिंतीला उभ्या केलेल्या डाव्या मॅटकडे पाहिलं.

"तुमचं ठिगळ वलं हाय अजून. तुमी घरीच थांबा. मी चालली."

सोल्युशन रात्रीच वाळलं होतं. तिलाही ते ठाऊक होतं. वाटेत मूर्तिजापूरहून फोन कर, एवढंच म्हणालो. तिने केला नाही. दिवसभर मी एक चांगला चालणारा नळ दुरुस्त केला, तो संध्याकाळपर्यंत गळायला लागला.

दिवेलागणीला गाडी आली. फाटकातून सरळ आत, खांबाला न घासता. मी धावलो. डावीकडच्या सीटवर सासूबाई, काळा चष्मा, मान कलंडलेली, तोंड उघडं. काय झालं म्हणून ओरडणार, तोच बायकोने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. मूर्तिजापूरपासून झोपली हाय."

दोन वर्षं मी त्या सीटवर बसलो होतो, आणि पाठ टेकून एकदाही बसलो नव्हतो.