ओला टॉवेल

माझी ताई बारा वर्षांपूर्वी मनोरुग्णांच्या वॉर्डात चार महिने होती. आता त्याच वॉर्डात ती पगारी सोबतीण आहे. औषधं देणं तिचं काम नाही. नव्या बाईच्या खाटेशेजारी बसायचं आणि सांगायचं, "मीही इथंच झोपायचे." डॉक्टरांनी तासभर डोकं फोडून होत नाही, ते या एका वाक्यानं होतं.

घरी मात्र तिला चिडायचीसुद्धा चोरी. ती ओरडली रे ओरडली, की आम्ही सगळे एका सुरात विचारणार, "गोळी घेतलीस का?"

"अगं, दूध उतू गेलंय!" ती म्हणायची. पण ऐकतंय कोण?

काल वॉर्डात दाखल असलेली एक शिक्षिका आंघोळीला ओला टॉवेल दिला म्हणून तणतणत होती. टॉवेल खरंच ओला होता. पण सकाळपासून चौघींच्या तक्रारी ऐकून ताईचं डोकं उठलं होतं. ती बोलून गेली, "बाई, गोळी घेतलीत का?"

शिक्षिका एकदम गप्प झाली. तोच टॉवेल घेऊन निमूट न्हाणीघरात गेली. नंतर ताई खाटेशेजारी बसली, तर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

हे सांगता सांगता ताईनं हातातला कप भिंतीवर आपटला. "मी विचारलं गं! मी!"

तोच प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, तो मी गिळला. पण माझ्या तोंडाकडे बघूनच तिला कळलं.

"घेतलीय," ती म्हणाली आणि तुकडे गोळा करायला खाली बसली.