हो, केलाय गरम

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही वसंताला ओळखत नाही.

वसंता फैजपूरचा, केळीवाल्याचा मुलगा. धुळ्याच्या एका इस्पितळात आम्ही दोघे बरोबरच डॉक्टर म्हणून लागलो. एक खोली, एका डब्यातली शेवभाजी. आणि तरी — त्याचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखायचं. रोग्याच्या कोपराला बोट लावून तो सांगायचा, नस इथे दबलीय. तसंच निघायचं! मला पुस्तकं तोंडपाठ, पण बोटं मुकी. जळायचो मी. सरळच सांगतो, जळायचो.

सत्तरच्या दशकातला एक हिवाळा. मुंबईहून एक मोठे प्राध्यापक यंत्र घेऊन आले, नसेतून वीज किती वेगाने धावते ते मोजणारं. त्यांच्याकडे नसा आणि स्नायूंच्या दोन वर्षांच्या शिक्षणाची एक जागा होती. आमच्यापैकी एकालाच मिळणार होती. त्यासाठीच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी ते सगळ्यांदेखत वसंताकडे बघून म्हणाले, "ह्याच्या बोटांना डोळे आहेत." मी हसलो. कसा हसलो असेन?

परीक्षा अशी — एकाने आत यंत्रावर बसायचं, दुसऱ्याने व्हरांड्यात रोग्याचा हात गरम पाण्यात बुडवून तयार करायचा. हात गार असला की धडधाकट नसही मंद चालते आणि यंत्र तिला आजारी ठरवतं. आधी माझी पाळी होती. वसंताने स्टोव्ह पेटवला, माझ्या रोग्याचा हात चांगला शेकला, पुसून आत पाठवला. माझं उत्तर बरोबर आलं.

मग त्याची पाळी. त्याच्या वाट्याला कापूस वेचणारी एक अक्का, हाताला मुंग्या येतात म्हणून आलेली. तोवर स्टोव्ह विझला होता, पाणी गारठलं होतं. पुन्हा पेटवायला कितीसा वेळ लागतो? मी — नाही पेटवला. त्याच पाण्यात तिचा हात धरून ठेवला.

"भाऊ, हाई पानी ते थंडं शे ना!" ती म्हणाली.

"चालतं, अक्का," मी म्हणालो.

आतून वसंताने विचारलं, "हात गरम केलास ना रे?"

"हो, केलाय."

एवढंच. थंडीने त्याचीच बोटं बधिर झालेली, त्यांना काय कळणार? आणि माझ्यावर संशय त्याने का घ्यावा? यंत्राने वेग कमी दाखवला, त्याने नस आजारी असल्याचं लिहून दिलं. प्राध्यापकांनी अक्काचा हात हातात घेतला. "अहो, हा तर बर्फ आहे!"

वसंताने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "चूक माझी, सर. मी बघायला हवं होतं." अक्का मात्र माझ्याकडेच बघत होती. मी स्टोव्ह पुसत बसलो.

जागा मला मिळाली. पुढे जळगावात माझं नाव झालं. वसंताने फैजपुरात दवाखाना टाकला आणि नसांचे रोगी तो माझ्याकडेच पाठवत राहिला.

गेल्या वर्षी जळगावात तरुण डॉक्टरांपुढे त्याला बोलायला बोलावलं होतं. तो म्हणाला, "मी एकदा नुसतं विचारलं, स्वतः नीट हात लावून पाहिलं नाही. माझ्याच आळसाने माझी जागा गेली. तुम्ही असं करू नका." पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी पहिल्या रांगेत होतो. मीही वाजवल्या.