एकदा शून्य म्हण

ओदिल मोरान एकतीस वर्षं फोनवर बोलत आली. जिनिव्हाच्या वेशीवर कणांच्या टकरी घडवणारी जी मोठी प्रयोगशाळा आहे, तिच्या चौकशीच्या टेबलावर ती बसायची. शाळेची सहल कधी आणू, गाडी कुठे लावू, असले प्रश्न, उत्तरं तोंडपाठ. २००८च्या उन्हाळ्यात मात्र फोनचा सूरच बदलला. सप्टेंबरात नवं यंत्र सुरू होणार होतं, आणि ज्याचं नाव त्याच्या स्वतःच्या गल्लीतही कुणी ऐकलं नसेल असा एखादा प्राध्यापक रोज टीव्हीवर चेहरा पाडून सांगत होता, की या टकरींतून कृष्णविवर जन्माला येईल आणि पृथ्वीला आतून खात सुटेल. समोरचा शास्त्रज्ञ हसून ते उडवून लावायचा. त्याचं ते हसूच लोकांना जास्त खटकायचं. बाई, मुलांना शाळेत पाठवू की नको, असं लोक ओदिलला विचारू लागले. एक जण फोनवर नुसताच रडला.

तिच्यापुढे एक छापील कार्ड असायचं. घाबरलेल्या माणसाला त्यातली चार वाक्यं वाचून दाखवायची आणि वहीत लिहायचं: वेळ, गाव, तक्रार. ओदिल ते मन लावून करी. पण घाबरलेल्यांत तिचा सख्खा भाऊ होता आणि त्याला कार्ड चालत नव्हतं.

अन्सेल्म तिच्याहून चार वर्षांनी धाकटा, बिनलग्नाचा. सीमेपलीकडे फ्रान्सच्या हद्दीत, ला व्हेर्न नावाच्या वाडीत, वडिलांच्या मागे गोठा तोच चालवायचा. बावीस गाई, वर लाकडी माळ्यावर हिवाळ्याचं गवत, आणि बरोबर त्याखाली, शंभर मीटर खोल, यंत्राचा बोगदा. गोठा गेला तर अन्सेल्मचं काही उरणार नाही, हे ओदिलला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच त्याच्या भीतीला ती हसत नसे.

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी तिने त्याच्या स्वयंपाकघरात कार्ड काढलं, तसं त्याने ते पालथं घातलं.

"हे राहू दे. तू तिथे बसतेस ना? धोका शून्य आहे का, एवढंच सांग."

"विचारून सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने एका फिनलंडच्या शास्त्रज्ञाला गाठलं. सज्जन माणूस. त्याने चमचा खाली ठेवला आणि विचार केला.

"मादाम, शून्य हा शब्द आम्ही वापरत नाही. याहून जोरदार टकरी आकाशात रोज होतात आणि पृथ्वी शाबूत आहे. काळजीचं कारण नाही. पण शून्य म्हणणं बरोबर ठरणार नाही."

खरेपणाची ही खोड त्या लोकांना जडलेलीच आहे. आणि इतकी वर्षं त्यांच्यात काढून ती ओदिललाही लागली होती. भावाला तिने सगळं जसंच्या तसं सांगितलं. आकाशातल्या टकरी सांगितल्या, शाबूत पृथ्वी सांगितली. त्याने त्यातलं नको तेवढंच उचललं.

"म्हणजे शून्य नाही."

"अरे, पुढचं ऐक की."

"ऐकलं."

मग त्याने ठरवलं, यंत्र सुरू व्हायच्या आत सगळं छपराखाली हवं. दुसऱ्या कापणीचं गवत शेतात पडलं होतं. त्यावर दोनदा पाऊस झाला होता. आणखी तीन दिवसांचं ऊन हवं होतं. आठ सप्टेंबरच्या संध्याकाळी त्याने ते तसंच, हिरवट ओलं, गठ्ठे बांधून माळ्यावर आढ्यापर्यंत रचलं. शेजाऱ्याने हटकलं, तेव्हा म्हणाला, तीन दिवसांनी ऊन तरी असेल का, सांग.

दहा तारखेला यंत्र सुरू झालं आणि काहीच झालं नाही. नऊ दिवसांनी तेच बिघडलं आणि काही महिन्यांसाठी बंद पडलं. टीव्हीवरचे प्राध्यापक दुसरीकडे गेले, फोन थंडावले, ओदिलने सुटकेचा निःश्वास सोडला. अन्सेल्म मात्र निवळला नाही. तो गोठ्याच्या जमिनीला कान लावून पडायचा. खालून आवाज आला नाही, की त्याची भीती उलट वाढायची.

एक ऑक्टोबर, बुधवार. सकाळी साडेदहाला टेबलावरचा फोन वाजला.

"ओदिल, गोठा गरम लागतोय. कालपासून. गाई आत यायला तयार नाहीत, दारातच अडतात, ओढून बांधाव्या लागतात. आणि वास येतोय, साखर करपल्यासारखा. त्यांनी यंत्र चोरून चालू केलंय का?"

ओदिलच्या टेबलापुढे त्या वेळी जपानी पाहुण्यांची रांग होती. आणि खरं सांगायचं तर तिला भावाचा कंटाळा आला होता. शिवाय या वेळी तिच्याकडे पक्कं उत्तर होतं.

"यंत्र बंद पडलंय, अन्सेल्म. आतली वीजसुद्धा तोडलीय."

"मग एकदा शून्य म्हण."

"शून्य. आज अगदी शून्य. जा, कॉफी घे आणि जरा पड."

तो हसला. महिन्याभरात पहिल्यांदाच हसला. तिने फोन ठेवला.

पाहुणे मार्गी लागले, मग आणखी एक सहल आली. नोंदवही उघडेपर्यंत बारा वाजले. सीमेपलीकडे अग्निशमन दलाचा भोंगा वाजू लागला. महिन्याचा पहिला बुधवार, बाराच्या ठोक्याला भोंग्याची चाचणी. त्या भागात तेव्हा कुणी मानही वर करत नाही. ओदिल लिहीत होती. वेळ साडेदहा. गाव ला व्हेर्न. तक्रार: गोठ्यात उष्णता, जनावरं बिथरलेली, करपल्या साखरेचा वास.

स्वतःचंच अक्षर वाचता वाचता तिचा हात थांबला. ओलं रचलेलं गवत आतून तापत जातं आणि आपोआप पेट घेतं, म्हणून वडील त्यात लोखंडी सळई खुपसून ठेवायचे, रोज बाहेर काढून दोघा मुलांना हात लावायला लावायचे. चटका बसला तर ओरडायचं, असं शिकवलेलं. आणि गोड वास आला तर ओरडतही बसायचं नाही, आधी गाई सोडायच्या.

तिने फोन लावला, पुन्हा पुन्हा लावला. तिकडे घंटा वाजत राहिली. भोंगा थांबला होता. मग तो पुन्हा सुरू झाला. घड्याळात बारा वाजून अठरा मिनिटं झाली होती, आणि अठरा मिनिटांनी कुणी चाचणी घेत नाही.

ज्याचं उभं आयुष्य गवतात गेलं त्याला हे कळू नये, असं पुढे गावातल्या कॅफेत पुष्कळ जण बोलले. बोलणाऱ्यांचं काय जातं? सहा आठवडे त्या माणसाला फक्त खाली बघायला शिकवलं होतं, मग तो वर कधी बघणार?

आगीतून अकरा गाई वाचल्या. इस्पितळात अन्सेल्मचे दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये होते, डोळ्यांवर पट्टी होती. पावलांच्या आवाजावरून त्याने बहिणीला ओळखलं. ती आपली चूक आपल्या तोंडाने सांगायला आली होती. वाटेत तिने वाक्यंही जुळवली होती. त्याने तिला बोलूच दिलं नाही.

"मी दोन्ही वेळा तुझंच ऐकलं, ओदिल," तो म्हणाला.