आमचा नंबर खानावळीला गेला

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न एका मटण खानावळीच्या फोनवर ठरलं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही.

(हे ऐकल्यावर आमच्या लिंगायत पाहुण्यांपैकी प्रत्येकानं आधी हातातला ग्लास खाली ठेवलाय आणि मग 'कसं काय?' असं विचारलंय. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.) चूक माझी आहे. थोडी लोडशेडिंगची पण आहे, पण लोडशेडिंग काही हे वाचणार नाही. तेव्हा सगळी माझीच धरा.

दोन हजार पाच-सहाचा सुमार. आम्ही कसबा बावड्यात राहायचो. अप्पा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यातून टाईमकीपर म्हणून निवृत्त झालेले. अव्वा, म्हणजे आई. बहीण सुजाता, बी.एड. होऊन लग्नाची. आणि मी, शाहूपुरीतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारा, म्हणजे घरातला एकमेव शास्त्रज्ञ!

घरात फोन होता. अर्ज करून डोळे लावून बसल्यावर कित्येक वर्षांनी आलेला, त्यामुळं त्याला अव्वानं विणलेलं लोकरीचं झाकण होतं. त्याचा नंबर इतका सोपा होता, की आमच्या गडहिंग्लजच्या मावशीला स्वतःच्या मुलांचे वाढदिवस आठवायचे नाहीत, पण आमचा नंबर झोपेत म्हणायची.

मला मात्र घरात इंटरनेट पाहिजे होतं. नेमकं कशाला, ते मला सांगता यायचं नाही. पण क्लासमध्ये रोज 'नेटशिवाय जग पुढं जाणार नाही' असं ठणकावून सांगायचं आणि घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसायचं, हे मनाला लागत होतं.

पहिल्यांदा मी जुन्याच फोनवरून नेट जोडून बघितलं. ते जोडताना फोनमधून जो आवाज यायचा, तो नेमका अव्वानं रिसीव्हर उचलून ऐकला.

"अगं बया! कुणाला तरी दम लागलाय गं! बोलता बी येईना झालंय त्याला!"

शिवाय नेट चालू असलं की फोन बंद. अप्पांनी दोन दिवसांत त्यावर बंदी घातली. मग केबलवाल्याचं नेट बघितलं. त्याची वायर सात घरांच्या गच्चीवरून यायची, आणि सातातल्या कुणीही त्यावर ओली चादर टाकली की जगाशी संबंध तुटायचा. तेही गेलं.

आणि मग तो टायवाला आला. नवीन कंपनी, नवीन बॅग, भर उन्हात गळ्याशी आवळलेला टाय. आमच्या सोफ्यावर बसून म्हणाला, "अंकल, एकाच वायरीत नेट पण, फोन पण! दोन्ही एकदम चालू!"

अप्पा चष्मा पुसत म्हणाले, "एका वायरीतनं दोन्ही? मग आत मिसळत न्हाई?"

"नाही अंकल, फिल्टर असतो."

"पाण्याला असतोय तसला?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तो म्हणाला, "हां... तसलाच."

"आन् कुणी फोन केला तर वाजतोय?"

"वाजतो की!"

"मग आत्ताचा बी वाजतोयच की!"

इथं हा विषय संपत होता. खरं तर संपायलाच हवा होता. पण मी उभा राहिलो आणि विज्ञान, प्रगती, भारत वगैरे विषयांवर पंधरा मिनिटं बोललो. शेवटी म्हणालो, "आणि अप्पा, घरात दोन-दोन फोन कशाला? जुना परत करून टाकूया."

सुजाता दारातून म्हणाली, "दादा, नंबर बदलेल ना? निपाणीकरांचा फोन यायचाय."

हे निपाणीकर म्हणजे तिला नुकतंच बघून गेलेलं स्थळ. मुलगा बसवराज, शेती अवजारांचं दुकान, बोलायला शांत. त्याच्या मामांनी जाताना सांगितलं होतं, "आता आषाढ लागतोय. आषाढ सरला की फोनवर कळवतो."

"मी कळवतो की सगळ्यांना नवीन नंबर!" मी म्हणालो.

एक्स्चेंजमध्ये फोन परत करायला गेलो तेव्हा टेबलामागच्या गृहस्थांनी दोनदा विचारलं, "हा नंबर सोडताय? नक्की?" मी हसून 'नक्की' म्हणालो. त्यांनी माझ्याकडं, भर लग्नात जेवायच्या आधी निघालेल्या माणसाकडं बघावं तसं बघितलं. मागून कळलं, त्या नंबरावर बऱ्याच जणांचा डोळा होता.

नवीन फोन आला. त्याच्याबरोबर हिरवे दिवे लुकलुकणारा एक डबा आला. अव्वानं त्याला हळदकुंकू वाहिलं, त्यात एक दिवा कायमचा लाल झाला. मी त्याच संध्याकाळी 'सर्व नातेवाईकांस' असा ई-मेल लिहून नवीन नंबर कळवला. सर्व नातेवाईक म्हणजे तिघं. एक पुण्याचा चुलतभाऊ, दुसरा बसवराज (त्याच्या बायोडेटावर पत्ता होता) आणि तिसरा मीच, पोचतोय का बघायला. मला पोचला.

राहता राहिली लोडशेडिंग. जुना फोन लाईट गेली तरी चालायचा, हे आमच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. नवीन डबा लाईट गेली की डोळे मिटायचा, आणि त्याच्याबरोबर फोनही. आणि त्या दिवसांत बावड्यात लाईट असणं हीच बातमी होती! फोन येईनासे झाले. मला वाटलं, लोकांना आमच्या वेळेची किंमत कळायला लागली.

आषाढ संपला. श्रावणाचा पहिला सोमवार गेला. दुसरा गेला. निपाणीचा फोन नाही.

अप्पा दिवसातून दहा वेळा रिसीव्हर उचलून कानाला लावायचे, आणि कुणाला दिसू नये म्हणून लगेच फडक्यानं पुसायला लागायचे. त्या महिन्यात आमच्या फोनइतका स्वच्छ फोन कोल्हापूर जिल्ह्यात नसेल. शेवटी एका संध्याकाळी ते अव्वाला हळूच म्हणाले, "न कळवता कळवलं त्यांनी."

सुजातानं ते ऐकलं. "मला कुठं पसंत होता तो?" असं म्हणाली आणि मोरीत जाऊन एकच कढई तीनदा घासली. मी मोठा भाऊ या नात्यानं धीर द्यायला गेलो. "अगं, आता घरात नेट आहे. नेटवर दुसरं स्थळ बघू." त्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं, की कढईच्या आधी मलाच घासून काढती की काय असं वाटलं.

शनिवारी दुपारी कागलची आत्या न सांगता दारात हजर! हातात पिशवी, डोळ्यांत पाणी, आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत.

"दादा! धर्म बुडवलासा! मटणाची खानावळ काढलीसा, आन् सख्ख्या बहिणीला सांगितलं न्हाई!"

अप्पा नुकतेच पूजेवरून उठलेले. कपाळावर विभूती, हातात बेलाचं पान. ते पान तसंच धरून म्हणाले, "कुणी काढली?"

"तुम्ही! मी फोन केलता की! बाई म्हणाली, 'बोला पावणं, किती ताटं?' मी म्हटलं, अवो मगदूमांचं घर नव्हं का? तर म्हणती, 'व्हय व्हय, बोला की अक्का, बसा निवांत.' म्हंजे तुमच्यातलीच बाई की ती!"

मग एकेक करून सगळ्यांचे डोळे माझ्याकडं वळले. मी खिशातून मोबाईल काढला (माझ्याकडं मोबाईल होता, पण पाहुण्यांना द्यायचा नंबर म्हणजे घरचा, हा अप्पांचा कायदा), स्पीकर चालू केला आणि आमचाच जुना नंबर फिरवला.

"हौसाक्का घरगुती मटण खानावळ! बोला पावणं! श्रावण हाय, गर्दी न्हाई, कवाबी या!"

"नमस्कार... मी मगदूमांचा मुलगा बोलतोय. हा नंबर आधी आमचा..."

"आगं बया! थोरला व्हय? कॉम्प्युटरवाला? आरं कुठं गेलतास मर्दा! महिनाभर तुझ्या पावण्यांस्नी उत्तरं देऊन माझा घसा बसला की!"

आणि मग हौसाक्कांनी आमच्या घराण्याच्या बातम्या आम्हाला सांगायला सुरुवात केली. गडहिंग्लजच्या मावशीचा गुडघा दुखतोय. चिकोडीच्या मामांना नात झाली, बारसं होऊन गेलं, आम्ही गेलो नाही म्हणून मामी रुसलीय. "मी म्हटलं तिला, येतील गं, नंबर बदलल्यामुळं घोळ झालाय. साखरेचं कायतरी घिऊन जावा."

"आम्हाला का नाही कळवलंत?" मी विचारलं.

"कुठल्या नंबरावर कळवू? तुमचा नवीन नंबर कुणालाबी ठावं न्हाई! पुण्याच्या पोराला इचारलं, तर म्हणला ई-मेल आलाय वाटतं, बघतो सवडीनं!"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

अव्वानं धीर करून विचारलं, "बाई, निपाणीचा कुणाचा फोन..."

"आलता की! तीनदा आलता! पैल्यांदा आला तवा आषाढाचा शेवटचा दिवस, खानावळीत ही गर्दी! ते म्हणले, 'मुलगी पसंत आहे.' मी म्हटलं, मुलगी न्हाई, मटण हाय, आन् पांढरा रस्सा संपलाय. ठिवला त्यांनी."

आत्यानं पदर तोंडाला लावला.

"दुसऱ्यांदा आला तवा श्रावण लागलेला, मी निवांत. त्यांचे मामा सगळं बोलले. मी म्हटलं, अवो नंबर चुकलाय, पर पोरीत कायबी चूक न्हाई. सोन्यासारखी हाय."

सुजाता इतका वेळ स्वयंपाकघराच्या दाराआड होती. ती पुढं आली. "पण अक्का, तुम्ही मला कधी बघितलंय?"

"बघाय कशाला पायजे? तुझी आत्या बोलली, मावशी बोलली, मामी बोलली. तिघींचं एकमेकींशी पटत न्हाई. पर तुझ्याबद्दल तिघीबी एकच बोलत्यात. आनी काय पायजे?"

आत्या एकदम पंख्याकडं बघायला लागली. (पंखा बंद होता. लाईट गेलेली.)

"मग तिसऱ्यांदा त्यांनी इचारलं, मुलीकडची पसंती काय? मी म्हटलं, पसंत! उद्या अकराला सुपारी फोडाय येत्यात."

"उद्या?" अप्पा मटकन खाली बसले. बेलाचं पान अजून हातातच.

"व्हय. आन् ऐक गं पोरी," हौसाक्कांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला, "मी आपलं माझ्या मनानं सांगितलंय. तुला नसंल पसंत तर आत्ता बोल. आत्ता फोन लावून मोडती. वाईटपणा माझ्याकडं."

सुजाता मोबाईलकडं बघत राहिली. मग म्हणाली, "असू दे." आणि आत पळाली. आतून कढई पडल्याचा आवाज आला, पण ह्या वेळी तो चांगला वाटला.

मग घरात जे काय झालं ते विचारू नका! अव्वा पुरणाला डाळ निवडतीय, आत्या तिला निवडायला शिकवतीय, अप्पा कोट शोधतायत, आणि मला सगळ्यांनी मिळून एकच काम दिलं: कशालाही हात लावू नकोस.

रविवारी अकराला निपाणीकर आले. चहा झाला आणि मामांनी पहिलाच प्रश्न विचारला, "त्या फोनवरच्या अक्का कुठं आहेत? त्यांच्याशिवाय सुपारी फोडायची नाही!"

मला स्कूटरवर पिटाळलं. हौसाक्का तयारच बसलेल्या. इरकली साडी, हातात पुरणपोळ्यांचा डबा. दारात पाऊल टाकायच्या आधी अव्वाला म्हणाल्या, "भांडी नवीन हाईत बाई. चूल बी सारवून घेतलीया. मनात किंतू धरू नकोस." अव्वानं त्यांचा हात धरून आत घेतलं आणि पहिली पोळी त्यांच्याच डब्यातली वाढली.

मामांनी अप्पांना विचारलं, "ह्या तुमच्या कोण?"

अप्पा आयुष्यात कधी खोटं बोललेले नव्हते. कारखान्यात स्वतःच्या साडूला पाच मिनिटं उशीर झाला, तरी पाच मिनिटं मांडणारे गृहस्थ! त्यांनी एकदा हौसाक्कांकडं बघितलं. "बहीण," ते म्हणाले.

सगळ्यांनी कागलच्या आत्याकडं बघितलं. आत्यानं पदर सावरला. "धाकटी," ती म्हणाली.

सुपारी फुटली. आणि नेमका तेवढ्यात नवीन फोन वाजला! महिन्याभरात पहिल्यांदा! मी अभिमानानं छाती फुगवली. अप्पांनी उचलला. कंपनीतून एक मुलगी विचारत होती, सर, आमच्या सेवेबद्दल आपण समाधानी आहात का?

"हाय की!" अप्पा खणखणीत आवाजात म्हणाले. "पोरीचं लगीन ठरलं!" आणि फोन ठेवून दिला.

सुजाता निपाणीत सुखात आहे. राहिला प्रश्न माझा. दोन वर्षांनी माझ्यासाठी स्थळं यायला लागली. आमच्या पाहुण्यांनी तोवर जुनाच नंबर चालू ठेवला होता, कारण तिथं फोन उचलला जायचा आणि उत्तर मिळायचं. तेव्हा माझीही सगळी चौकशी हौसाक्कांकडंच झाली. माझ्या सासऱ्यांना त्यांनी काय सांगितलं, ते बायकोनं लग्नानंतर सहा महिन्यांनी मला सांगितलं:

"पोरगा सरळ हाय. सुपारीचं बी व्यसन न्हाई. फकस्त त्याला कायबी निवडाय लावू नका."

तेव्हा मला उमगलं, की मुलगी बघायच्या कार्यक्रमात 'तुम्हाला पसंत आहे का?' असं मला एकानंही का विचारलं नव्हतं! पोहे संपायच्या आत सासऱ्यांनी सरळ लग्न ठरल्याचा नारळच हातात दिला होता.