वानखडे सर आणि गाभाऱ्याचा सूर

वानखडे सरांना मी शाळेबाहेर पहिल्यांदा पाहिलं ते गावाबाहेरच्या जुन्या दगडी देवळात. गाभाऱ्यात डोळे मिटून उभे होते आणि हलकेच गुणगुणत होते. मी शिकवायचे त्याच शाळेत विज्ञान शिकवणारे, बौद्ध घरातले सर इथे मंत्र म्हणतात, याचं मला नवल वाटलं.

"मंत्र नाही, मॅडम. खोलीचा सूर शोधून राह्यलो," ते म्हणाले. "या, उभ्या राहा."

त्यांनी आवाज हळूहळू खाली नेला. एका सुरावर अख्खा गाभारा भरून आला. माझ्या बरगड्या थरथरल्या. घरचं, शाळेचं, डोक्यात चाललेलं सगळं थांबलं. आवाज त्यांचा की दगडांचा, कळेना.

"बांधणाऱ्याले हेच पाह्यजे होतं असंन. माणूस आत आला का त्याचं मन थांबलं पाह्यजे. पुरावा नाही माझ्यापाशी. पण दगड बहिरा नसते, मॅडम. आपणच घाईत असतो."

दरवर्षी ध्वनीचा धडा ते नववीला तिथंच शिकवत. दांडगट पोरंही बाहेर येताना कुजबुजत बोलत.

मग देवस्थान समितीनं गाभाऱ्याची पुढची भिंत पाडायचं ठरवलं, गर्दीला दर्शन नीट व्हावं म्हणून. समितीचे अध्यक्ष माझे सासरे, मामाजी. सरांनी तालुक्याला अर्ज केला. देऊळ संरक्षित वास्तूंच्या सरकारी यादीत नाही, असं उत्तर आलं. तेव्हा ते आमच्या घरी आले.

"सर, तुमचा देवावर इश्वास नाही, मंग देवळाची काळजी काहून?" मामाजींनी विचारलं.

"देवाची नाही, भाऊ. तिथल्या आवाजाची. भिंत गेली का तो गेला."

"मंग चांगला लाऊडस्पीकर घेऊन राह्यलो ना!" मामाजी हसले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तो आवाज मी अंगावर घेतला होता, हे तिथं फक्त त्यांनाच ठाऊक होतं. मी चहा ठेवायला आत गेले.

भिंत पाडणाऱ्या यंत्राची घरघर वर्गापर्यंत यायची. पहिल्याच दिवशी सरांनी खडू खाली ठेवला आणि माझ्या वर्गाच्या दारात आले. "आजचा तास तुम्ही घ्या, मॅडम," एवढंच म्हणाले. त्या देवळात ते पुन्हा गेले नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात ते निवृत्त झाले आणि यवतमाळला मुलीकडे राहायला निघाले. एसटीच्या खिडकीशी उभी राहून मी म्हटलं, "सर, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"तुमच्या बोलण्यानं भिंत राह्यली नसती, मॅडम."

कंडक्टरनं घंटी दिली. सरांनी पिशवी मांडीवर नीट घेतली.

"पण मले बरं वाटलं असतं."