आप्पांनी स्वतःवर घेतलेला दोष

प्रल्हादआप्पांची आणि माझी पहिली भेट सुरतेत, पर्वत पाटियाजवळच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात झाली. नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. मी खानदेशातून नवाच आलो होतो. आप्पा तिथे मास्तर, म्हणजे कारीगरांवरचे मुकादम होते. यंत्रांच्या खडखडाटात माझ्या कानाशी वाकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "जेवलास का?" त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या अंकात इतर मंडळी त्यांच्या कामाविषयी सविस्तर लिहितीलच. मला एका दिवसाविषयी लिहायचे आहे.

आप्पांना डोंगर धावत चढण्याचा नाद होता. सुरत सपाट, म्हणून उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या सुट्टीत ते आम्हा कारीगरांना टेम्पोत बसवून सोनगडच्या पुढे एका डोंगराकडे नेत. माथ्यावरच्या झेंड्याला हात लावून खाली यायचे. पहिला येईल त्याला नारळ, शेवटच्याची थट्टा. बारा-बारा तास लूमसमोर उभ्या राहणाऱ्यांचा वर्षातला तेवढाच मोकळा दिवस.

मी सांगतो आहे त्या वर्षी माझ्या खोलीत राहणाऱ्या सुरेशला आदल्या दिवसापासून ताप होता. "आप्पांना सांगू नको, ते मला धावू देणार नाहीत," असे त्याने मला बजावले होते. पायथ्याशी सगळे उभे राहिल्यावर आप्पांनी विचारले, "कुणाला बरं नाही का? आत्ताच बोला." सुरेशने माझ्याकडे पाहिले. मी गप्प राहिलो.

उतरताना तो कोसळला. सर्वांच्या पुढे असलेले आप्पा हाका ऐकून उलटे वर चढले आणि त्याला पाठीवर घेऊन त्या घसरड्या वाटेने उतरले. गुडघे सोलून निघाले, पण ते थांबले नाहीत. दवाखाना गाठण्याआधीच टेम्पोत, आप्पांच्या मांडीवर डोके असताना, सुरेश गेला. तेव्हा मी रडत त्यांना तापाचे सांगितले. त्यांनी फक्त डोळे मिटून घेतले.

आम्ही त्याला खानदेशातल्या त्याच्या गावी नेले. तापाचे कळल्यावर त्याच्या वडिलांनी विचारले, "कोनलेच मालूम नही व्हतं का?" मी तोंड उघडणार, तोच आप्पांनी माझे मनगट घट्ट धरले.

"शर्यत माझी होती," ते म्हणाले. "त्याच्या अंगाला हात लावून मी पाहायला हवं होतं. चूक माझी आहे."

"आते परत मन्हा घर येवानं नही," एवढेच सुरेशचे वडील बोलले.

परतताना मी आप्पांना कारण विचारले. "तू बावीस वर्षांचा आहेस," ते म्हणाले. "हे घेऊन जगणं तुला झेपायचं नाही."

त्यांना तरी कुठे सोपे गेले? आप्पाही मूळचे खानदेशातलेच; त्या भागातल्या लग्नकार्यांत त्यांना बोलावणे येईना. ओळखीची माणसे समोरून येताना रस्ता बदलत. आप्पांनी शर्यत बंद केली नाही. स्वतः मात्र पुन्हा धावले नाहीत. दर वर्षी पायथ्याशी उभे राहून ते प्रत्येकाच्या कपाळावर तळहात ठेवत, मगच त्याला सोडत.

सुरेशच्या वडिलांना खरे सांगायला जायचे, असे मी दर वर्षी ठरवत राहिलो. गेल्या वर्षी ते वारले. हा लेख लिहितो आहे असे आप्पांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "आता कुणाला उपयोग?"

आप्पांना निरोगी आणि उदंड आयुष्य लाभावे. त्यातल्या कुठल्याही दिवशी सुरेशचे नाव काढून कुणी त्यांच्याकडे बोट दाखवले, तर वाचकहो, ते बोट माझ्याकडे वळवा.