जावात न गेलेला परिच्छेद

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी पुण्यातली खोली सोडून लोणारला आले. कंपनीने घरून काम करू दिलं, कारण कोबोल ही जुनी संगणकभाषा येणारी माणसं तिच्याकडे फारशी उरली नव्हती. परदेशातल्या एका पेन्शन फंडाचे जुने कोबोल प्रोग्राम मी वर्षानुवर्षं सांभाळत होते. आता ते सगळे जावा या नव्या भाषेत न्यायचं ठरलं. जुना प्रोग्राम वाचायचा आणि तो नेमकं काय करतो ते नव्या टीमला सांगायचं, एवढंच माझं काम.

त्यात एक छोटा परिच्छेद सापडला. कोबोलमध्ये प्रोग्रामच्या तुकड्याला परिच्छेदच म्हणतात. पेन्शनर वारला की त्याची पेन्शन थांबायची. पण बायको हयात असेल तर तिचे कागद पुरे होईपर्यंत तीच रक्कम तिला मिळत राहायची. फंडाच्या नियमांत हे कुठेच नव्हतं. म्हणून मी फंडाच्या कचेरीतल्या एका बाईंना व्हिडिओ कॉलवर विचारलं. तो प्रोग्राम त्यांनीच तरुणपणी लिहिला होता, आणि आता त्या निवृत्तीला टेकल्या होत्या. कॅमेऱ्यासमोर लोकर विणत म्हणाल्या, "नवरा गेलेल्या बायका कचेरीत येऊन बसायच्या. आमच्या साहेबांना ते बघवेना. म्हणाले, प्रोग्राममध्येच सोय कर. मी केली. कागदावर आणायचं राहूनच गेलं."

मला डोणगावची आत्या आठवली. यजमान गेल्यावर तीही अशीच तालुक्याच्या कचेरीत व्हरांड्यात बसून राहायची आणि संध्याकाळच्या एसटीने रिकाम्या हाताने परतायची.

मीटिंगमध्ये मी हा परिच्छेद मांडला. आमचा टीम लीड पुण्याचा, माझ्याहून बराच लहान. तो म्हणाला, "लेखी नियम दाखवा. नसेल तर डेड कोड, काढून टाकू."

"डेड कसा? दर महिन्याला चालतो तो."

"रिक्वायरमेंटमध्ये नाही म्हणजे नाही."

मग मी आत्याचं सांगितलं. इतकी वर्षं पुण्यात जपून बोललेली माझी जीभ रागात सुटली. "तिले त्या कचेरीत कोनी पाणी बी विचारलं नाही!"

मग कोणीतरी हसलं. लीड म्हणाला, "मॅडम, आपला क्लायंट डोणगावला नाहीये." आता सगळेच हसले. मी माइक बंद केला.

तरीही मी सविस्तर मेल लिहिला. बाईंनीही त्यांच्या बाजूने लिहिला. फंडाच्या नव्या अधिकाऱ्याचं उत्तर आलं ते एका ओळीचं: मंजुरी नसलेला खर्च नव्या सिस्टिममध्ये नको. कोबोलचं जावात आपोआप भाषांतर करणाऱ्या टूलने तो परिच्छेद मुकाट्याने जावात नेला असता. मी विचारलं म्हणून तो लोकांच्या डोळ्यांवर आला. हे मला अजून पचत नाही.

नवी सिस्टिम सुरू झाली त्या दिवशी पुण्यात केक कापला, आम्हाला स्क्रीनवर दाखवला. बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. आभारांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, माझंही नव्हतं. त्याच आठवड्यात एचआरमधल्या मुलीचा फोन आला. फार गोड बोलत होती. तुमच्या स्किलचं काम आता उरलं नाही, म्हणाली. जावा मी घरी बसून शिकले होते, ते सांगितलं. "नोट करते हं मॅम," म्हणाली. पुढे काहीच आलं नाही.

फोन आला त्या दुपारी बाबांना भरवायला बसले. ते अडखळत म्हणाले, "काऊन वो बाई, आज मशीन लवकर बंद केली?"

"काम सरलं, बाबा."

"सरलं? मंग नवं सुरू झालं ना तिकडचं?"

"हाव."

"चांगलं चालून राह्यलं ना?"

"हाव, चांगलं चालून राह्यलं," म्हटलं आणि पुढचा घास त्यांच्या तोंडाशी नेला. तो परिच्छेद, त्या बायका, ते हसणं, हे त्यांना समजावून सांगायचं त्राण माझ्यात नव्हतं. आजही नाही.